दत्तामामा, गोलमध्ये तू होतास

मामा,

परवा बर्फाच्या रिंकवर तुझ्या फोटोला त्यांनी जो हार घातला होता तो प्लास्टिकचा होता. नाताळच्या झाडाला गुंडाळतात तसली हिरवी चमचमती माळ. माळेला एका टोकाला अजून चिकटपट्टी होती. फोटोही तुझा म्हणावा असा नव्हता. बर्फ गुळगुळीत करायच्या त्या भल्यामोठ्या मशीनचा तो फोटो, आणि त्यावर कानटोपी घातलेला तू, अंगठ्याएवढा. आई बराच वेळ जवळ जाऊन बघत होती. मग तिने माळेची चिकटपट्टी नखाने काढली आणि पर्समध्ये टाकली.

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिही, असं संपादककाका म्हणाले. दोन पानं पुरेत. कष्टाळू, हसतमुख, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा, असं लिही, असंही म्हणाले. तू तसा होतासच, त्यात खोटं काही नाही. पण मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. मला असं लिहायची सवय नाही. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून सगळ्यांना वाटतं हिला सगळं लिहिता येतं. खरं सांगायचं तर तू गेल्याचं दुःख मला नीट झालेलंच नाही अजून. दुःखाच्या जागी किळस येऊन बसली आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना हा शब्द वापरू नये बहुतेक. पण दुसरा सापडत नाही.

गावाकडचे लोक हे वाचतील, म्हणून आधी सांगते. तू अकरा वर्षं दुबईत बर्फाच्या रिंकवर, म्हणजे लोक घसरत खेळतात त्या बर्फाच्या मैदानावर, काम केलंस. गावात बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा, एवढंच माहीत. त्यामुळे मामीला आणि शेजारपाजाऱ्यांना कायम वाटत राहिलं, की तू मासळीच्या कारखान्यात आहेस. तूही त्यांचा गैरसमज काढायचा नाद सोडून दिलास. पत्रात कुणी विचारायचं, तिथे सुरमई मिळते का, तर तू लिहायचास, मिळते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावरचं डांबर चपलेला लागतंय, आणि आत तू दोन स्वेटर घालून बर्फ तासतोयस, हे कुणाला सांगून पटणार होतं?

मला मात्र तू दाखवलंस. मी सातवीत होते, आई-बाबा आणि मी दुबईजवळ अजमानला राहायचो. एका शुक्रवारी सकाळी, रिंक उघडायच्या आधी, तू आईला आणि मला आत नेलंस. आईने साडीखाली बाबांचे लोकरीचे मोजे घातले होते आणि ती कठड्याला धरून एका जागी उभी राहिली ती शेवटपर्यंत. तू मला एका खुर्चीच्या पाठीला धरून ढकलत नेलंस. मग मशीन लावलंस आणि सांगितलंस, की चांगल्या बर्फाला गरम पाणी लागतं. गरम पाणी जुन्या बर्फावरचे चरे वितळवतं आणि मग नवा थर खालच्याशी एकजीव होतो. थर पातळ हवा, नखाएवढा. घाईघाईत जाड थर घातला की बर्फ ठिसूळ होतो. मी तेव्हा तुला इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. तू माझी नक्कल करायचास, "येस्स, ओके, आय नो." मग म्हणायचास, काय नो? काय नो गो? अजून वर्गात कुणी शिकवताना फार घाई करायला लागलं की मला तो नखाएवढा थर आठवतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

आता बगळ्यांबद्दल.

क्रीक हेरन्स असं त्यांच्या टीमचं नाव. हेरन म्हणजे बगळा हे मीच तुला डिक्शनरीत बघून सांगितलं, आणि तेव्हापासून तू त्यांना बगळेच म्हणायला लागलास. आज बगळे येतले, आज बगळ्यांनी घाण केली. बर्फावरची हॉकी खेळणारी ती गोऱ्या लोकांची टीम. तेलाच्या कंपन्यांतले इंजिनियर, बँकांतले साहेब, कॅनडा, स्वीडन, फिनलंड असल्या देशांतले. आपापल्या देशात त्यातले बरेच जण कुठल्यातरी लहान गावाच्या लहान लीगमध्ये खेळले होते आणि मोठ्या लीगपर्यंत पोचले नव्हते. इथे आले आणि मोठे झाले. कारण इथे दुसरं कुणी नव्हतं. कोच डग हा त्यांचा म्होरक्या. कॅनडातल्या कुठल्याशा गिरणीच्या गावासाठी तो तीन वर्षं खेळला होता, आणि त्या तीन वर्षांवर तो उरलेला सगळा जन्म जगत होता. रिंकच्या दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर एक लाकडी फलक आहे, सोनेरी अक्षरांचा. टीमचे गाजलेले खेळाडू. एक जण पुढे स्वतःच्या देशाच्या टीममध्ये गेला, एकाने परत जाऊन लहान मुलांची टीम काढली, एकाच्या नावापुढे नुसतेच गोलचे आकडे. तू तो फलक रोज पुसायचास.

त्या गाजलेल्या माणसांची सगळी माहिती तुला होती, पण ती फलकावर लिहिण्यासारखी नव्हती. कोण शॉवरमध्येच उभ्याने उरकतो. कुणाचे हातमोजे उघडले की मेलेल्या उंदराचा वास येतो. कोण बर्फावर थुंकतो, आणि ती थुंकी गोठून बेडक्यासारखी कशी बसते, आणि ती खरवडायला कुठलं पातं लागतं. एकाचा दात पडला होता तो तुला बर्फात सापडला. तू तो कागदात गुंडाळून ठेवलास आणि पुढच्या आठवड्यात त्याला परत दिलास. त्याने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तुझ्याकडे बघून हसला. हे तू आमच्याकडे जेवताना सांगायचास आणि आई ओरडायची, की घास हातात असताना असलं काही सांगू नकोस. तू हसायचास. मलाही हसू यायचं. आता हे लिहिताना मात्र हसू येत नाही. तुला कधी किळस आली नाही का रे? की आली तरी तू त्याची गोष्ट करून सांगायचास, म्हणजे आम्हाला हसता यावं?

त्यांचा गोली होता एरिक. गोली म्हणजे गोलकीपर. सरावाला तो नेहमी उशिरा यायचा, आणि तोवर रिकाम्या गोलवर मारण्यात मजा नाही म्हणून ते तुला उभं करायचे. सुरुवातीला थट्टाच होती. अंगावर पॅड अर्धेच, आणि समोरून ती काळी रबरी चकती, दगडासारखी, गोळीसारखी यायची. तू वाकलास, पळालास की ते हसायचे. पण त्यांना कुठे माहीत होतं, की तू देवगड तालुक्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये दहा वर्षं विकेटकीपर होतास? तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू पळायचा थांबलास आणि झेलायला लागलास. मग ते हसायचे थांबले. दोन वर्षांत तू स्केट्सवर उभा राहून, गुडघे टेकून, आडवा पडून, सगळं करायला लागलास. एरिकपेक्षा चांगलं, असं तू म्हणाला नाहीस कधी. मला वाटतं, तसंच असावं.

मग अबुधाबीचा तो सामना. मी नववीत होते. स्पर्धेची फायनल. एरिक बायकोच्या बाळंतपणासाठी स्वीडनला गेलेला. खेळाडूंची नावं आधीच कळवलेली, आता नवीन नाव चालणार नाही. शिवाय तुझ्या व्हिसावर धंदा लिहिला होता क्लीनर, म्हणजे सफाईवाला, आणि तुझा रिंकचा मॅनेजर तुला असल्या कामाला सोडणार नव्हता. तर कोच डगने तुला बाजूला घेतलं. एरिकची जर्सी घाल, एरिकचा मुखवटा घाल, बोलू नकोस, आणि काहीही झालं तरी मुखवटा काढू नकोस. तू रिंकवर आजारी असल्याचं सांगितलंस आणि गेलास.

हे सगळं मला दोन महिन्यांनी कळलं. तू अजमानला आमच्याकडे आलास, आई मासे तळत होती, आणि तू मला गच्चीवर बोलावलंस. पाकिटातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलंस. घड्या पडून पडून ते मधोमध फाटायला आलं होतं. इतके दिवस ते तू कुणाला वाचायला दिलं नव्हतंस. दुबईतल्या तुझ्या मनखूलच्या खोलीत सहा माणसं, पण त्यातल्या कुणाला विचारायची तुला भीती वाटत होती.

"वाच गो, काय लिवलाहा."

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. हेरन्सनी कप जिंकला, आणि तो जिंकला तो एरिकमुळे. असा गोली या वाळवंटात पाहिला नव्हता, असं काहीतरी होतं. तू म्हणालास, परत वाच. मी परत वाचलं. तू गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून समोरच्या इमारतीवरच्या डिशकडे बघत होतास.

"तो मी होतंय," तू म्हणालास.

मला आधी कळलंच नाही. मग तू सगळं सांगितलंस. सामना संपल्यावर त्यांच्यात एक रीत असते, दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि हातमोजे काढून एकमेकांशी हात मिळवतात. ते तुला माहीत होतं, शंभरदा बघितलेलं. पण त्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर तुझ्या लक्षात आलं, की मुखवटा तोंडावर आहे, पण हात? मोजा काढला की तुझा काळा हात दिसणार. तर तू मोजा काढलाच नाहीस. एकेका माणसाने उघडा हात पुढे केला आणि तू मोज्यातला हात पुढे केलास. त्यांना वाटलं हा गोली उद्धट आहे. एकाने शिवी दिली, एक तुझ्या पायाशी थुंकला. तुला उत्तरही देता येईना, कारण बोलायचं नव्हतं. मग फोटो काढला. सगळे उघड्या डोक्याने, घामेजलेले, दात काढून हसत. आणि मधोमध एकजण मुखवटा घातलेला. तो फोटो त्या सोनेरी फलकाच्या शेजारी लावला. मुखवटा घालून फोटोला उभं राहणं ही एरिकची गंमत, असं सगळे समजतात.

मी तेव्हा पेटून उठले होते. पेपरला पत्र लिहू, मी लिहिते, म्हणाले. तू माझ्याकडून शपथ घेतलीस. आईलासुद्धा नाही. कारण आईने बाबांना सांगितलं असतं, बाबांनी वर्कशॉपात, आणि आपल्या माणसांत गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? मॅनेजरला कळलं असतं तर व्हिसा खलास. हे मला पटलं. तेव्हा पटलं.

पण नंतरची पाच वर्षं आपण तेवढ्यावरूनच भांडलो, नाही का? एरिक परत आला, आणि फलकावर त्याचं नाव चढलं, त्या सामन्याच्या उल्लेखासकट. ते नाव रंगवताना शिडी तू धरली होतीस. तू हे मला हसत सांगितलंस तेव्हा मला तुझीही किळस आली होती, मामा. लिहायला नको होतं. पण आली होती. मला वाटायचं, त्यांची थुंकी तू खरवडतोस ते काम आहे, ठीक आहे. पण हे कशाला पुसून द्यायचं?

पुण्याला कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून आले तेव्हा मी पत्र तयार करूनच आणलं होतं. सायबर कॅफेत बसून टाइप केलेलं. कोच डगच्या नावाने, सभ्य भाषेत, की फलकावर सुधारणा व्हावी. तुला वाटेल मी फुशारकी मारते, पण ते पत्र चांगलं होतं. तुला मराठीत करून वाचून दाखवलं. तू सगळं ऐकलंस, पत्र घडी घालून चहाच्या ट्रेखाली ठेवलंस आणि विचारलंस, "तुका शिकयला ता माझी नोकरी घालवूक?"

मला इतकं लागलं. मी म्हणाले, मॅनेजर बदलला, तो जुना माणूस गेला, आता कोण घालवतंय तुझी नोकरी? तू म्हणालास, "आमचो कप जायत गो." खोट्या नावाने खेळलो हे बाहेर पडलं तर कप परत घेतील, असं तुझं म्हणणं. मी ऐकून हसले. वाईट हसले. आमचो म्हणे. आणि मग मी इंग्रजीत म्हणाले, की तू फक्त घाबरट आहेस. मुद्दाम इंग्रजीत. मराठीत म्हटलं असतं तर ते भाचीने मामाला म्हटल्यासारखं झालं असतं. इंग्रजीत मी शिकलेली होते आणि तू नव्हतास. तुला कळलं. तू ट्रे उचलून आत नेलास. पत्र परत मला कधी दिसलं नाही.

त्यानंतर आपण बोलायचो, पण जेवण झालं का, तिथे पाऊस आहे का, एवढंच. मला या सुट्टीत माफी मागायची होती. तसं ठरवून आले होते, हे आता सांगून काय उपयोग? विमानतळावर बाबांनी तोंड फिरवलं तेव्हाच कळलं, तू गेलास.

बाबा तुला घेऊन गावाला गेले. आईचा पासपोर्ट व्हिसा बदलायला टाकलेला, त्यामुळे तिला जाता आलं नाही. सख्ख्या भावाला शेवटचं पोचवायला ती जाऊ शकली नाही. म्हणून जेव्हा रिंकवरून फोन आला, की हेरन्सचे जुने-नवे खेळाडू तुझ्यासाठी संध्याकाळी जमताहेत, तेव्हा ती लगेच तयार झाली. तिने चांगली साडी नेसली. माझ्या भावाला लोक मानत होते बघ, असं ती टॅक्सीत दोनदा म्हणाली.

मला वाटत होतं, आज कुणीतरी बोलेल. आता तुझा व्हिसा नाही, नोकरी नाही. आता काय अडचण? निदान कोच डग बोलेल.

कोच डग बोलला. आखातातला सगळ्यात चांगला बर्फ हा माणूस बनवायचा, म्हणाला. तुझं नाव त्याने तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं घेतलं. मग एक मिनिट शांतता. त्या मिनिटात मागच्या बाजूला कुणीतरी शीतपेयाचा डबा उघडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग खाणं. आणि खाताना फलकासमोर एरिक उभा होता. आता पोट सुटलंय त्याचं. भोवती चार-पाच नवीन पोरं. त्यातल्या एकाने फोटोतल्या मुखवट्याबद्दल विचारलं असावं, कारण एरिक त्यांना तो सामना सांगत होता. मी चार हातांवर होते, मामा. सगळं ऐकलं. डावीकडून आलेला मारा कसा अडवला, खाली पडून पायाने कसा अडवला, हात हलवून हलवून सांगत होता. आणि मग म्हणाला, त्या लोकांचा मला इतका राग आला होता, की शेवटी हात मिळवताना मी मोजासुद्धा काढला नाही.

पोरं हसली. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

माझ्या हातात समोशाची बशी होती. ती मी जवळच्या खुर्चीवर ठेवून दिली. नाव त्याने घेतलं ते घेतलं, आपणच दिलं होतं. पण तुझी भीतीसुद्धा त्याने घेतली. तुझा लपवलेला हात घेतला आणि त्याचा रुबाब केला.

त्याच वेळी मला माइकवर बोलावलं. शिकलेली भाची, दोन शब्द बोलेल. मी गेले. आई समोर पहिल्या खुर्चीत, पदर सारखा करून, माझ्याकडे बघत. माझ्या डोक्यात सगळं वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. आणि मी थँक यू म्हणाले. आल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. मामाला हे सगळं फार आवडायचं, असं म्हणाले. तुला घाबरट म्हणणारी मी. माझं तर कुणी काही घालवणार नव्हतं.

माइकवरून उतरल्यावर मात्र मी थेट त्यांच्याकडे गेले. कोच डग आणि एरिक आता एकत्र उभे होते. मी हळूच, अगदी नम्रपणे म्हणाले, की त्या सामन्यात गोलमध्ये माझा मामा होता. एरिकने माझ्याकडे बघितलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने विचारलं, "असं सांगायचा का तो तुला?" आणि डगकडे बघून हसला, लहान मुलीला खोटी गोष्ट सांगणाऱ्या प्रेमळ मामाबद्दल हसावं तसा. मामा, त्याला आता खरंच वाटतं की तो होता. मी डगकडे बघितलं. डगला माहीत होतं. त्यानेच तुझ्या मुखवट्याचे पट्टे बांधले होते. तो आपल्या हातातल्या कागदी कपात बघत राहिला, आणि मग म्हणाला, की गाडीची सोय आहे का तुमची, उशीर होतोय.

ही किळस आहे. हिला दुसरं नाव नाही. संपादककाकांना हे छापायचं नसेल तर त्यांनी काढावं, पण मी लिहिणार. त्या फायनलमध्ये क्रीक हेरन्सचा गोली दत्ताराम होता, देवगड तालुक्यातला, माझ्या आईचा धाकटा भाऊ. व्हिसावर धंदा क्लीनर. कप परत घ्यायचा तर खुशाल घ्या.

टॅक्सीत बसल्यावर मी आईला सांगितलं. शपथ मोडली. शारजाच्या सिग्नलपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, जर्सी, मुखवटा, कात्रण, आपलं भांडण. मला वाटलं ती माझ्यासारखी पेटेल, किंवा रडेल, किंवा इतकी वर्षं तिच्यापासून लपवलं म्हणून माझ्यावर चिडेल. ती खिडकीतून बाहेर बघत होती. फलक, नाव, एरिक हे सगळं सोडून तिने एवढंच विचारलं, हा सामना कधी झाला. मी म्हटलं, मी नववीत होते, सहामाहीच्या आसपास.

"म्हणजे तो मशीनवरसून पडाक नाय," आई म्हणाली.

मग मला आठवलं. सहामाहीच्या आधी तू आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिला होतास. मशीनवरून घसरलो, म्हणालास. बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या, आणि आई सकाळ-संध्याकाळ आंबेहळद उगाळून लावायची. तू खोकताना उशी छातीशी आवळून धरायचास. मी तिथेच, त्याच खोलीत, भूगोल पाठ करत बसले होते. पुढे दोन महिन्यांनी गच्चीवर तू मला सामना सांगितलास, आणि त्यावर मी पाच वर्षं भांडले, पत्र लिहिलं, तुला घाबरट म्हणाले. पण लागलं का रे, असं मी तुला एकदाही विचारलं नाही. आईने रोज विचारलं, पण तिला सामना माहीत नव्हता.

अजमान आलं. टॅक्सी थांबली तरी आई उतरेना.

"आठ दिस लेप लावलंय," ती म्हणाली, "आणि आठव दिस त्येका वेंधळो म्हणत रवलंय."